रक्त एकच, मग रेंज वेगळी का? फिरणाऱ्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला पाच ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला, ठाण्याच्या मासुंदा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर आला. शेवटी आमच्या लॅबमध्ये फास्टिंगचं सॅम्पल द्यायला आलेल्या एका आजोबांनी तोच मेसेज माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे खरं का हो?" त्यांच्या मागे दहा-बारा माणसं उपाशीपोटी उभी होती. "नंतर सांगते आजोबा," एवढंच म्हणून मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. ते 'नंतर' आता लिहिते आहे.

मी नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची असते आणि औषध तुमचे डॉक्टर देतात. पण तो आकडा आणि त्याच्या शेजारी छापलेली रेंज कुठून येते, हे मी रोज हाताळते. म्हणून या मेसेजचं उत्तर देणं मला माझं काम वाटतं.

मेसेज ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "माणसाचं रक्त एकच. बाई, पुरुष, मूल, म्हातारा, सगळ्यांचं लालच. मग लॅबवाले प्रत्येकाला वेगळी नॉर्मल रेंज का दाखवतात? धंदा! सत्य जाणून घ्या." पुढे ते सत्य असं: बायकांना हिमोग्लोबिन दहा म्हणजे भरपूर. एएलपी वाढलं म्हणजे लिव्हर गेलं. क्रिएटिनिन 1.2 च्या आत असेल तर किडनी ठणठणीत. ईएसआर वीसच्या वर म्हणजे आत काहीतरी मोठं. टीएसएच चारच्या वर गेलं की थायरॉइडची गोळी कायमची. लघवीत पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी, दिसले की ताबडतोब अँटिबायोटिक. लघवीत साखर नसेल तर डायबेटिस नाही. आणि सगळ्यात जास्त टाळ्या मिळालेला मुद्दा: "साठीनंतर फास्टिंग शुगर 180 पर्यंत नॉर्मल, आधी 140 ची मर्यादा होती, 1997 मध्ये कंपन्यांनी ती 126 केली."

पहिलं आणि शेवटचं वाक्य शेजारी ठेवून वाचा. पहिलं म्हणतं सगळ्यांना एकच माप. शेवटचं म्हणतं वय झालं की सूट. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. मेसेज लिहिणाऱ्याची सगळी गफलत या एका जागी आहे, कारण रिपोर्टवर दोन वेगळ्या प्रकारच्या रेषा असतात आणि त्याने त्या एकत्र कालवल्या आहेत.

पहिल्या प्रकारची रेष निरोगी माणसं मोजून काढतात. एखाद्या गटातली किमान 120 निरोगी माणसं घ्यायची, प्रत्येकाची तपासणी करायची, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के बाजूला काढायचे. मधले पंचाण्णव टक्के म्हणजे रेंज. बायकांचे आकडे पुरुषांपेक्षा खरोखरच वेगळे येत असतील तर गट वेगळे करावेच लागतात. मुलांचे वेगळे, गरोदर बाईचे वेगळे. यात धंदा नाही, ही मोजणी आहे. आणि या पद्धतीत एक गोष्ट आपोआप येते: शंभरातली पाच धडधाकट माणसं प्रत्येक तपासणीत रेंजच्या बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के असते. 'फुल बॉडी पॅकेज' घेऊन एका लाल अक्षराने रात्रभर जागणाऱ्यांनी हा हिशोब लक्षात ठेवावा.

दुसऱ्या प्रकारची रेष म्हणजे इथून पुढे शरीराची हानी होते असं दिसलेली जागा. डायबेटिस ठरवायची साखर ही अशी रेष. ती किती लोक तिच्या आत बसतात यावर ठरत नाही.

आता एकेक मुद्दा.

बायकांना हिमोग्लोबिन दहा भरपूर, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. जागतिक आरोग्य संघटनेची रेष अशी आहे: प्रौढ पुरुष 13, गरोदर नसलेली प्रौढ बाई 12, पाच ते अकरा वर्षांची मुलं 11.5. शेवटचा आकडा नीट बघा, तिथे मुलगा-मुलगी असा भेदच नाही. दहा वर्षांच्या भावाबहिणींचं हिमोग्लोबिन सारखंच असतं. फाटा फुटतो तो वयात येताना. मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढतं, ते तांबड्या पेशी बनवायचा जोर वाढवतं आणि मुलग्यांचा आकडा वर चढतो. बायकांचा आकडा खाली दिसतो तो केवळ पाळीमुळे, असं सगळे समजतात. ते अर्धंच खरं आहे. ज्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन काही कारणाने खूप घटतं, त्यांचं हिमोग्लोबिनही घसरतं.

उरलेलं अर्धं मात्र पाळीचंच. महिन्याला साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह. ज्या बाईचं ऐंशीच्या वर जातं तिचं दुप्पट. ते भरून येईल एवढं ताटात नसेल तर आधी शरीरातला साठा संपतो, म्हणजे फेरिटिन उतरतं, आणि हिमोग्लोबिन त्यानंतर पडतं. म्हणून हिमोग्लोबिन 12.2 असलेली बाईसुद्धा आतून रिकामी असू शकते.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आल्या, बेचाळीस वर्षांच्या. सुई टोचायच्या आधी मी त्यांना पर्स मांडीवरून बाजूला ठेवायला सांगितली, ती उघडीच होती आणि आत पाटीवरच्या पेन्सिलींचं अख्खं पाकीट. मी विचारलं, घरात लहान मूल आहे का? त्या ओशाळल्या. मूल नव्हतं. पेन्सिली त्या स्वतः खायच्या, आणि तांदूळ निवडताना मूठमूठ कच्चे तांदूळ. हिमोग्लोबिन 8.1, फेरिटिन 4. ही खाण्याची ओढ लोह संपल्याची खूण असते. आपल्याकडे तिला 'सवय' म्हणून सोडून देतात. त्यांना वर्षभर धाप लागत होती. घरात सगळ्या म्हणायच्या, बायकांचं असंच असतं.

बायकांचं असंच असतं, याचं कारण आजूबाजूला बहुतेकींचं तसंच आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, त्याच वयाच्या पुरुषांमध्ये 25 टक्के. निम्म्याहून जास्त जणींना आहे म्हणून ते नॉर्मल ठरत नाही.

इथे मी मेसेज लिहिणाऱ्याला एक गोष्ट देते. रेंजवर शंका घ्यायला जागा आहे, फक्त त्याने उलट्या बाजूने घेतली. 'निरोगी' म्हणून मोजायला घेतलेल्या बायकांमध्येच लोह कमी असलेल्या बऱ्याच जणी असतील, तर त्यांच्यावरून काढलेली फेरिटिनची खालची मर्यादा मुळातच खाली येते. काही रिपोर्टवर बायकांसाठी फेरिटिन दहापासून पुढे नॉर्मल छापलेलं मी पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढ माणसात पंधराच्या खाली साठा संपला असं धरते. म्हणजे बायकांना जास्त घाबरवलं जातं ही भीती चुकीची आहे. त्यांची कमतरता कित्येकदा रेंजच्या आत लपून राहते.

आणि वयाचं म्हणाल तर, सत्तरीच्या माणसाला हिमोग्लोबिनची रेष खाली आणून मिळत नाही. 'वयामुळे रक्त कमी' हे निदान नाही. बी-12, किडनी, जुनं दुखणं, आतड्यातून नकळत जाणारं रक्त, हे सगळं आधी बघावं लागतं. पाळी थांबलेल्या बाईचं किंवा वयस्क पुरुषाचं लोह कमी निघालं, तर ते रक्त कुठून तरी जातं आहे का, हा प्रश्न डॉक्टर विचारतातच, आणि विचारला नाही तर तुम्ही विचारा.

आता एएलपी आणि लिव्हर. हे मी आमच्या घरात पाहिलं. माझ्या भाचीचा मुलगा अकरा वर्षांचा. शाळेतून पोट दुखतं म्हणून आला, दुसऱ्या दिवशी एका ठिकाणी रक्त दिलं. रिपोर्टवर एएलपी 340, शेजारी रेंज 40 ते 130, आकड्यावर ठसठशीत तारा. भाचीने रात्री साडेदहाला फोन केला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. सोनोग्राफीची वेळ घेऊन झाली होती. मी म्हटलं, आधी मला रिपोर्टचा फोटो पाठव. लिव्हरचे बाकीचे आकडे, म्हणजे बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्ब्युमिन, सगळे नीट. मग तिला विचारलं, शाळेचे बूट कधी घेतलेस? जूनमध्ये. आता होतात का? नाही, नोव्हेंबरातच बोटं टेकायला लागली.

एएलपी हे एक एन्झाइम आहे, ते लिव्हरमध्ये बनतं तसं हाडातही बनतं. हाड वाढवणाऱ्या पेशी ते सोडतात. वाढत्या वयात ते रक्तात भरपूर असतं. मुलांच्या रेंज काढण्यासाठी टोरांटोच्या बालरुग्णालयातून 'कॅलिपर' नावाचं मोठं काम झालं, त्यात दहा ते बाराच्या मुलामुलींमध्ये चारशेपर्यंतचे आकडे निरोगी निघाले. पुढे मुली लवकर वयात येतात म्हणून त्यांचा आकडा आधी उतरतो, मुलग्यांचा तेराव्या-चौदाव्या वर्षी आणखी चढतो. त्या पोराचा 340 म्हणजे त्याची उंची वाढत होती, बस. चूक त्या लॅबच्या सॉफ्टवेअरची होती, वय भरलेलं असूनही मोठ्यांची रेंज छापली गेली. तिथल्या माणसांशी मी बोलले, त्यांनी ते दुरुस्त केलं. पण त्या एका रात्रीत भाचीची काय अवस्था झाली ते मी ऐकलं आहे. 'सगळ्यांना एकच रेंज' हवी असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं. एकच रेंज लावली की हे असं होतं.

एवढं मात्र धरून ठेवा की हेच 340 साठ वर्षांच्या बाईचं आलं, तर ते बाजूला ठेवायचं नाही. पित्तनळी, लिव्हर, हाडं, सगळं बघायला लागतं.

क्रिएटिनिनचा मुद्दा दिसायला साधा, पण याच्यात माणसं फसतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किती तयार होतं आणि किती जातं. म्हातारपणी स्नायू झडतात, तयारच कमी होतं, त्यामुळे किडनी निम्म्यावर आली तरी आकडा सभ्य दिसतो. म्हणून वय आणि लिंग धरून सूत्राने ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला साधारण किती गाळते त्याचा अंदाज, काढतात. 2021 चं सूत्र घेऊन हिशोब करा: पंचवीस वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन 1.1, ईजीएफआर येतो सुमारे 95. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन तेच 1.1, ईजीएफआर येतो सुमारे 51. कागदावर दोघांचा आकडा हुबेहूब एक, दोघंही 1.2 च्या आत. आजींची किडनी मात्र त्या मुलाच्या जेमतेम निम्मं गाळते आहे.

51 म्हणजे डायलिसिस नव्हे, घाबरू नका. साठच्या खाली तीन महिने टिकून राहिला तर त्याला किडनीचा दीर्घ आजार म्हणतात, आणि जोडीला लघवीतलं अल्ब्युमिन तपासतात. पण गुडघे दुखतात म्हणून आजी मेडिकलमधून रोज जी दुखण्याची गोळी आणतात, ती त्या किडनीला झेपणारी नाही. कितीतरी औषधांचा डोस ईजीएफआर बघून ठरतो. 'ठणठणीत' म्हणणाऱ्या मेसेजमुळे हेच राहून जातं. जिममध्ये जाणाऱ्या पोरांचं उलटं होतं, दंड भरदार असला की क्रिएटिनिन किडनी चांगली असूनही वर दिसतं. तिथे सिस्टॅटिन सी नावाची तपासणी उपयोगी पडते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

ईएसआर आणि टीएसएच दोन्ही पटकन उरकते. ईएसआरमध्ये उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते मोजतात. वय वाढतं तसं रक्तातलं फायब्रिनोजेन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. बाईच्या रक्तात पेशी मुळात थोड्या कमी, म्हणून आणखी लवकर. ढोबळ हिशोब असा: पुरुषाचं वय भागिले दोन, बाईचं वय अधिक दहा, मग भागिले दोन. शहात्तर वर्षांच्या आजींना 43 पर्यंत चालतं. वीसच्या वर म्हणजे कॅन्सर असं मानलं तर ठाण्यातल्या निम्म्या आजी-आजोबांना आजच भरती करावं लागेल. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, त्याचंही वयाबरोबर असंच सरकतं. अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात थायरॉइडचा आजार नसलेल्या ऐंशीच्या वरच्या माणसांची वरची मर्यादा साडेसातच्या आसपास निघाली. 2017 साली पासष्टच्या वरच्या 737 माणसांवर झालेल्या चाचणीत, टीएसएच किंचित वाढलेल्यांना गोळी दिली तरी त्यांच्या थकव्यात आणि लक्षणांत फरक पडला नाही. गरोदर बाईत मात्र पहिल्या तीन महिन्यांत ही मर्यादा खाली येते आणि किंचित वाढही गंभीरपणे घेतात. आणि चालू असलेली गोळी हे वाचून कोणी बंद करू नये.

लघवीच्या पस सेल्सवर मला सविस्तर बोलायचं आहे. माझ्या मोठ्या वन्सं कळव्याला राहतात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मुलाने वाढदिवसाला घरबसल्या पॅकेज करून दिलं, त्यात लघवीची रुटीन होती. पस सेल्स 10-12. त्रास काहीच नाही, ना जळजळ, ना ताप. पण आकडा लाल होता म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक. पुन्हा तपासणी, पुन्हा 8-10, पुन्हा अँटिबायोटिक, दुसरं, जास्त जोराचं. चार महिन्यांत तीन कोर्स. तिसऱ्यानंतर त्यांना जुलाब लागले ते आठवडाभर थांबेनात, चार पावलं चालल्या तरी भिंत धरायच्या.

मी तो पहिला रिपोर्ट मागवून वाचला. पस सेल्सच्या खालच्याच ओळीत लिहिलं होतं, एपिथेलियल सेल्स भरपूर. ती ओळ कोणी वाचलीच नव्हती. मायक्रोस्कोपखाली ते चित्र कसं दिसतं सांगते. लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ घेतो, एक थेंब काचेवर, त्यावर पातळ काच. पस सेल्स म्हणजे लहान, गोल, आत रव्यासारखे दाणे. एपिथेलियल सेल्स त्यांच्या कितीतरी पट मोठ्या, पसरट, कडा दुमडलेल्या, पापडाचे तुकडे विखुरल्यासारख्या. हे तुकडे मूत्राशयातून येत नाहीत, बाहेरच्या त्वचेवरून आणि योनीमार्गातून येतात. ते भरपूर असले तर पस सेल्सही तिथूनच आल्या असण्याची मोठी शक्यता. म्हणजे सॅम्पलच नीट धरलं नव्हतं.

वन्संना कोणी सांगितलंच नव्हतं कसं धरायचं. कलेक्शनला आलेल्या मुलाने डबी दिली आणि तो बाहेर सोफ्यावर बसला. त्या वयाच्या बाईला अनोळखी पोराने काय सांगावं आणि त्यांनी काय विचारावं? म्हणून इथे लिहिते. जागा साध्या पाण्याने धुवायची. पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, शेवटची पुन्हा सोडायची. झाकण घट्ट लावून दोन तासांच्या आत लॅबमध्ये. मे महिन्यात डबी स्कूटरच्या डिकीत घेऊन सगळं घोडबंदर फिरलात, तर त्यात जंतू वाढतात, पेशी फुटतात आणि मग जो आकडा येतो तो तुमचा नसतो.

आणि सॅम्पल नीट धरूनही वयस्क बायकांच्या लघवीत जंतू सापडतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, तिथलं अस्तर पातळ होतं, रक्षण करणारे जंतू कमी होतात आणि दुसरे तिथे वस्ती करतात, काहीही त्रास न देता. त्रास नसेल तर अशा बायकांची लघवी जंतूंसाठी तपासू नये आणि तपासली गेलीच तर औषध देऊ नये, असं अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये स्पष्ट लिहिलं. औषधाने जंतू परत येतातच, शिवाय येतात ते औषधाला दाद न देणारे.

पण हाच कागद दुसऱ्याच्या हातात असला की अर्थ बदलतो. गरोदर बाईच्या लघवीत जंतू निघाले तर त्रास नसला तरी उपचार करतात, कारण ते किडनीपर्यंत चढू शकतात. दोन वर्षांच्या आतलं मूल तापाने फणफणलं आणि कारण सापडत नसेल तर लघवी तपासायलाच हवी, ते बिचारं जळजळ होते म्हणून सांगू शकत नाही. वयस्क पुरुषाच्या लघवीत पस सेल्स असतील तर प्रोस्टेटमुळे लघवी तुंबते आहे का हे बघायचं. तांबड्या पेशींचंही तसंच. तीस वर्षांच्या बाईच्या लघवीत त्या दिसल्या की मी आधी पाळीची तारीख विचारते. साठीच्या, तंबाखू-सिगारेटच्या माणसाची लघवी एकदाच लाल झाली, दुखलं नाही, पुन्हा साफ झाली, तर त्याने त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. मूत्राशयाचा कॅन्सर पुष्कळदा असाच, न दुखता सुरू होतो.

लघवीत साखर नसेल तर डायबेटिस नाही, हा समज जुना आहे आणि त्याला कारणही आहे. पूर्वी बेनेडिक्टच्या निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून परीक्षानळी उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर जास्त. ठाण्यातल्या कितीतरी घरांत आजोबांनी स्पिरिटच्या दिव्यावर हे केलेलं आहे. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय किडनी ती लघवीत सोडतच नाही. वयाबरोबर ही पातळी आणखी वर जाते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाची साखर दोनशेच्या वर असूनही नळी निळी राहू शकते. गरोदरपणात ती पातळी खाली येते, म्हणून रक्तातली साखर नीट असूनही लघवीत साखर दिसते. आणि हल्ली डायबेटिसच्या काही गोळ्या मुद्दाम साखर लघवीतून बाहेर काढतात. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याच्या लघवीत तीन-चार प्लस साखर असणार, ते गोळीचं कामच आहे. लघवीवरून साखर जोखायचे दिवस गेले.

राहिलं शेवटचं, साठीनंतर 180.

1997 साली मर्यादा 140 वरून 126 वर आली हे खरं आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या समितीने ती आणली. पण का आणली हे मेसेजमध्ये नाही. तीन ठिकाणची माहिती समोर होती: अॅरिझोनातले पिमा आदिवासी, इजिप्तमधली माणसं आणि अमेरिकेचं राष्ट्रीय सर्वेक्षण. प्रत्येकाची साखर मोजली होती आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी केली होती. पडद्यावर साखरेमुळे होणारे बदल कुठल्या आकड्यापासून वाढायला लागतात हे बघितलं, तर ते 140 च्या बरंच आधी. 126 ही रेष त्या पडद्यांवरून आली आहे. डोळ्याचा पडदा वय विचारत नाही, म्हणून या रेषेला वयाची सूट नाही.

वयाची सूट मिळते ती उपचारात. ऐंशी वर्षांच्या, थकलेल्या, दोनदा पडलेल्या आजोबांची साखर डॉक्टर मुद्दाम फार खाली आणत नाहीत, कारण साखर एकदम उतरून चक्कर येणं त्यांना जास्त धोक्याचं. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, आठपर्यंत चालवून घेतात. बहुतेक कुणीतरी हे अर्धवट ऐकलं आणि त्याचा 'साठीनंतर 180 नॉर्मल' झाला. थकलेल्या माणसासाठी डॉक्टरांनी सैल केलेलं उद्दिष्ट वेगळं, आणि साठीच्या हिंडत्याफिरत्या माणसाने स्वतःच ठरवलेलं नॉर्मल वेगळं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी तेच ठरवलं. त्यांनी परवानगी दिली म्हणून लिहिते. एकाहत्तर वर्षांचे, रोज उपवनला दोन फेऱ्या मारतात, जिने चढून येतात. फास्टिंग 168 ते 175 यायची. मेसेज आला तसा त्यांनी गोळ्यांचा डबा फ्रिजवर ठेवून दिला, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज टाकणारेही तेच. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, काका, रेष डोळ्यांवरून काढली आहे, तर एकदा डोळेच दाखवून घेऊ.

परवा मी त्यांच्याबरोबर गेले. डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास बसवलं, मग पडद्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. केशरी पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, डाव्या डोळ्यात पाच-सहा, उजव्यात दोन. दिसतं त्यांना अजून सगळं स्वच्छ. सुरुवात आहे, साखर आवरली तर इथेच थांबवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना काका रिक्षात गप्प होते. गोखले रोडला सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी फोन काढला, डोळे अजून थेंबांनी भरलेले, अक्षर दिसेना. फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, तो ग्रुपवरचा मेसेज शोध आणि त्याच्या खाली लिही, मी सांगतो तसं.